शेवटच्या बाकावरचं बोट

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रभाताईला पहिला प्रश्न काय विचारावा? कधी गेल्या, कशाने गेल्या, त्रास झाला का… यातलं काहीच नाही. मी विचारलं, "मग ऑर्गन कोण वाजवणार?" मग बाईंची ही एकुलती एक मुलगी, जिची आई जाऊन तासही उलटला नव्हता, मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "कोण म्हणजे काय शुभा? तूच. चार वाजता अंत्यविधी आहे. ये लवकर." या गोष्टीला आता सहा आठवडे होतील, पण तो प्रश्न आठवला की अजून मला माझीच लाज वाटते. त्या क्षणी दुःख झालं नव्हतं. भीती वाटली होती. तोंडचं पाणीच पळालं होतं म्हणा ना.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, साहेबांना भिते, फोन वाजला तरी आधी दचकते. आणि अशा बाईच्या नशिबी देवाने काय लिहावं, तर चर्चमध्ये ऑर्गन वाजवणं! त्याला कारण आमच्या मार्थाबाई. भोरला आमची मंडळी लहान, पंधरा-वीस घरांची. जुनी माणसं चर्चला अजून 'देऊळ'च म्हणतात. तिथे बाईंनी जन्मभर उपासनेला ऑर्गन वाजवला आणि वाजवणारे तयार केले. त्या शाळेत शिक्षिका होत्या. शाळा सुटली की हातात देवळाची किल्ली घेऊन चालत यायच्या, आणि त्यांच्या मागून आम्ही दोघी-तिघी, गृहपाठ न केलेल्या मुलींसारख्या. ऑर्गन म्हणजे पायाने भाता हलवत वाजवायचा, जुना, लाकडी. पावसाळ्यात त्याच्या दोन पट्ट्या फुगून बसत. एकदा उंदरांनी भात्याचं कापड कुरतडलं, तेव्हा बाईंनी स्वतःचा जुना रेनकोट कापून तिथे डकवला आणि पुढच्या रविवारी काही झालंच नाही अशा थाटात वाजवला. वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे असते, म्हणून समोरच्या भिंतीवर खिळ्याला एक दाढीचा आरसा टांगलेला होता. बाईंच्या यजमानांचा. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, कधी उठले, लोक कधी उभे राहिले, हे त्यात बघायचं.

मी बारा वर्षांची असताना आईने मला बाईंच्या हवाली केलं. मला वाटलं, पहिल्याच दिवशी पट्ट्यांवर हात ठेवायला मिळेल. कसलं काय! वर्षभर बाईंनी मला ऑर्गनला शिवूही दिलं नाही. दर रविवारी मी वेगळ्या बाकावर बसून गायचं, आणि संध्याकाळी त्यांना सांगायचं की त्या बाकावरून गाणं कसं ऐकू आलं. पुढच्या बाकावर शाळामास्तर आणि नर्सबाई, ते सुराच्याही पुढे धावायचे. मागच्या बाकावर भाटघरहून एसटीने येणारी म्हातारी माणसं, ती प्रत्येक ओळ अर्धा शब्द मागे राहून गायची. "कळलं?" बाई विचारायच्या. "हे सगळे एका वेळी एका ओळीच्या शेवटाला पोचले पाहिजेत. वाजवायला काय, कुणीही वाजवेल. आपल्याला यांना घेऊन जायचंय." मी मान डोलवायचे. आणि मनात म्हणायचे, मला एक शेळी नीट घेऊन जाता येत नाही, आणि ही एवढी मोठी माणसं मी कुठे घेऊन जाणार?

पुढे हात बसला, पाय बसले, पण भीती काही हलली नाही. त्याला कारण होतं. गाण्याची पहिली ओळ आपण नुसती वाजवून दाखवायची, म्हणजे लोकांना चाल कळते. मग हात उचलायचे. मग एक श्वास. आणि त्यानंतर सगळ्यांनी मिळून सुरुवात. हा जो मधला श्वास आहे ना, त्यात मी दर वेळी मरत असे. चर्च गप्प असतं. कुणी खोकत नाही. आणि मला खात्री असायची की आता मी पट्ट्या दाबीन आणि मागून कुणीही गाणार नाही… एकटा ऑर्गन भोकांड पसरल्यासारखा वाजत राहील. म्हणून मी तो श्वास चोरायचे. घेतल्यासारखा करायचा आणि उडी मारायची. बाईंच्या नजरेतून ते कधी सुटलं नाही. फूटपट्टीने माझ्या खांद्यावर हलकेच टकटक करायच्या. "हे वर गेले पाहिजेत. अख्खा घे. तू घेतलास की लोक घेतात, तू चोरलास की लोक अडखळतात." मी म्हणायचे, "बाई, मला भीती वाटते." त्या म्हणायच्या, "वाटू दे. भीतीला बोटं नसतात. वाजव."

एकोणीस वर्षांची असताना जे झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या मंडळीतले कंपाउंडर काका वारले. बाईंना ताप होता, त्यामुळे वाजवायला मला बसवलं आणि त्या शाल पांघरून बाजूला बसल्या. आमच्याकडे अशी रीत आहे की शवपेटी उचलली की शेवटचं गीत सुरू होतं, आणि खांदेकरी त्या गाण्याच्या चालीवर पावलं टाकत दाराकडे जातात. गाणं चालू आहे तोवर ते चालतात. म्हणून बाईंचा नियम होता की शवपेटी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत सूर थांबायचा नाही. पुस्तकातली कडवी संपली तर पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. हे मला पाठ होतं, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण पाचवं कडवं संपत आलं आणि मी आरशात पाहिलं. शवपेटी अजून मधल्या वाटेत, अर्ध्यावर. आणि तिच्या मागे काकू… त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या, असं मला वाटलं. माझे पाय थांबले. भात्यातली हवा संपली. गाणारे गप्प झाले आणि खांदेकरी जिथल्या तिथे उभे राहिले. आमच्या काकांना खांद्यावर घेऊन ती चार माणसं देवळाच्या मधोमध उभी, पुढे जाता येईना, मागे येता येईना. त्या शांततेत काकूंनी जो हंबरडा फोडला तो मी मेले तरी विसरणार नाही. मग कुणीतरी मला स्टुलावरून बाजूला सारलं. बाई होत्या. अंगात ताप होता, हात भाजत होते. त्यांनी पहिलं कडवं घेतलं आणि माणसं चालू लागली.

त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मागच्या दाराने जी पळाले ती त्यानंतर अकरा वर्षं ऑर्गनच्या आसपास फिरकले नाही. परीक्षा दिली, नोकरी लागली, वेल्ह्याच्या तहसील कचेरीत कारकून झाले आणि तिथेच खोली घेऊन राहिले. तोरण्याच्या पायथ्याला मला बरं वाटायचं. तिथे कुणाला माहीत नव्हतं की मी काय केलंय.

आणि एक दिवस समोरच्या बाकड्यावर बाई! सातबाऱ्यासाठी आलेल्या शेतकऱ्यांच्या मधोमध, मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या. भोरहून निघून, नसरापूरला गाडी बदलून आल्या होत्या. मी मान खाली घालून फायलीत तोंड खुपसलं. किती वेळ तशी बसले कुणास ठाऊक. शेवटी एक आजोबाच खिडकीशी आले. "म्याडम, आमचं ऱ्हाऊ द्या. त्या बाईंचं काम आधी करा. लई येळ झाला बसल्यात, पाण्याला बी हलल्या न्हाईत." मग जावंच लागलं. बाईंनी काही प्रस्तावना केली नाही. नुसते दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटं सांध्यांतून वाकडी झाली होती, आल्याच्या कांड्यांसारखी. "आता माझ्याच्याने होत नाही," त्या म्हणाल्या. "दोन रविवार नुसतं गातोय आपण. मागचा बाक तिसऱ्या कडव्याला गळतो. तू ये."

"बाई, माझ्याकडून नाही होणार. तुम्हाला माहितीये मी काय केलं ते."

"माहितीये की. मी तिथेच होते." त्यांनी हात पदराआड घेतले. "तू वाजव. मी शेवटच्या बाकावर बसते. आरसा तिकडे वळवते. माझं बोट वर गेलं की सुरू कर, खाली आलं की थांब. तू काही ठरवायचं नाहीस. मग तर झालं?"

असं मी परत वाजवायला लागले. दर रविवारी वेल्ह्याहून पहिली एसटी, नसरापूरला उतरायचं, तिथून भोर. गाडी चुकेल ही धास्ती वेगळीच. पण एकदा स्टुलावर बसून आरशात बघितलं की त्यात शेवटचा बाक दिसायचा, बाकाच्या कडेला बाईंची पांढरी साडी, आणि पुढच्या बाकाच्या पाठीवर टेकवलेला हात. मी पहिली ओळ वाजवायचे, हात उचलायचे. ते वाकडं बोट वर जायचं. मी सुरू करायचे. कडवं संपलं की बोट खाली, पुन्हा वर. माझी भीती त्या बोटाने उचलून धरली होती. इतकी की बाई एखाद्या रविवारी प्रभाताईबरोबर पुण्याला गेल्या तर मी पोट दुखतंय म्हणून रजा टाकायचे. पाळकसाहेब हसायचे, म्हणायचे, "शुभाचं पोट आणि बाईंचा प्रवास एकाच दिवशी येतो."

शेवटची दोन वर्षं मात्र माझी भीती उलट वाढली. बाई मला टोकेनाशा झाल्या. पूर्वी उपासना संपली की दाराशी गाठून चुका सांगायच्या, दुसऱ्या गीताला घाई केलीस, सूर जड ठेवलास. आता नुसतं म्हणायच्या, "पाय छान चालले. पाठ ताठ होती." पाठ? माझ्या पाठीचं काय करायचंय? मी विचारलेल्याला भलतंच काहीतरी उत्तर द्यायच्या, नाहीतर नुसतं हसून हातावर हात ठेवायच्या. एकदा तर कहर झाला. पावसाळा होता, एक पट्टी दाबली ती वर येईचना. गाणं संपलं तरी तो एकच सूर केकाटत राहिला. लोकांनी तोंडं वाकडी केली, पुढची नर्सबाई तर कानावर हात ठेवून बसली. मी घाबरून आरशात बघितलं तर बाई शांत. चेहऱ्यावर सुरकुतीही हलली नाही. मला वाटलं, झालं! बाईंनी माझी आशाच सोडली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसं मला दर रविवारी त्या शांत चेहऱ्यात काहीतरी वाईट दिसायला लागलं.

आणि मग तो फोन. कचेरीतून निघाले, एसटीत बसले. मांडीवर पर्स होती, तिच्यावर माझी बोटं आपोआप ते शेवटचं गीत वाजवत होती. पाचवं कडवं, मग पुन्हा पहिलं… पाचवं, पुन्हा पहिलं. शेजारी भाजीची पाटी घेऊन एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी माझे हात बघितले. "काय गं बाय, थंडी वाजती का? लई कापत्यात हात."

"नाही मावशी. मयतीला चाललेय."

"जवळचं व्हतं का कुणी?"

"माझ्या बाई होत्या. शिकवणाऱ्या."

"मंग हितंच रडून घ्या," त्या म्हणाल्या आणि आपला पदर पुढे केला. "तिथं गेल्याव कामं असत्यात." पण मला रडू येत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, आरसा, शेवटचा बाक, आणि त्यावर कुणी नाही. आज बोट कोण वर करणार? हाच एक विचार नसरापूरपासून भोरपर्यंत माझ्या डोक्यात ठणकत होता.

घरी बाईंना खोलीत ठेवलं होतं. ठेवणीतली पांढरी साडी, छातीवर हात. ते हात मी बघितले आणि तोंडातून निघून गेलं, "प्रभाताई, माझ्याकडून नाही होणार. त्यांच्या बोटाशिवाय मला सुरुवातच करता येत नाही. तू पाळकसाहेबांना सांग, नुसतं गाऊया." प्रभाताई रडून रडून सुजली होती, तरी तिने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. मला आतल्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. म्हणाली, "शुभा, तुला खरंच कळलं नव्हतं? अगं, आईला ऐकू येत नव्हतं. दोन वर्षं झाली. आधी एक कान गेला, मग दुसरा. यंत्र लावलं तर नुसता गोंगाट यायचा, म्हणून काढून टाकलं."

"मग बोट?" मी विचारलं.

"ते ती तुझे खांदे बघून करायची. खांदे वर गेले की बोट वर. खाली आले की खाली. तिला तरी दुसरं कसं कळणार, गाणं कधी सुरू झालं ते? गायचीही नाही. नुसते ओठ हलवायची. बेसूर होईल, लोकांना कळेल, याची फार भीती वाटायची तिला."

बाईंना? भीती? प्रभाताई म्हणाली, "मला शपथ घातली होती. शुभाला सांगू नकोस. तिला कळलं तर ती स्टुलावरून उठेल."

तुम्हाला वाटेल, हे ऐकून मला धीर आला असेल. छे! माझी पाचावर धारण बसली. म्हणजे दोन वर्षं मला कुणीच धरलं नव्हतं. मी त्यांच्या बोटावर चालत होते आणि त्या माझ्या खांद्यांवर. दोघी एकमेकींच्या भरवशावर, आणि खाली जमीन आहे की नाही हे दोघींपैकी एकीलाही माहीत नाही! चार वाजता मी स्टुलावर बसले. आरशात बघितलं. शेवटचा बाक लोकांनी मोकळा सोडला होता. प्रार्थना झाली, वचन वाचलं, पाळकसाहेब बोलले, यातलं मला काही ऐकू आलं नाही. मग शवपेटी उचलली. मी भाता भरला, पहिली ओळ वाजवली आणि हात उचलले.

चर्च गप्प झालं. तोच तो मधला श्वास, ज्यात मी जन्मभर मेले. आरशात मोकळा बाक. चोरावा का? उडी मारावी का? खांद्यावर फूटपट्टीची टकटक आठवली… आणि मी श्वास घेतला. अख्खा. खांदे वर गेले. आणि आरशात मी जे बघितलं ते तोवर कधी बघितलंच नव्हतं, कारण माझी नजर नेहमी त्या एका बोटावर असायची. माझे खांदे वर गेले तशा सगळ्यांच्या छात्या वर आल्या. शाळामास्तरांची, नर्सबाईंची, भाटघरच्या म्हाताऱ्या जोडप्याची, खांदेकऱ्यांचीसुद्धा. सगळे माझ्या पाठीकडे बघत होते. माझे खांदे खाली आले आणि अख्खं चर्च एकदम गायला लागलं.

पण गोष्ट इथे संपली असती तर बाईंची कसली! पाचवं कडवं संपत आलं आणि मी बघते तो शवपेटी दाराशी अडलेली. उपासनेआधी लावून घेतलेली दाराची एक फळी पावसाने फुगली होती, वरचा अडणा निघेना. दोन माणसं त्याला हिसके देत होती. खांदेकरी उभे. अगदी तसंच, जसं काकांच्या वेळी. पुस्तकातली कडवी संपली. मला वाटलं, आता काकूंचा तो आवाज येणार. मी डोळे मिटले नाहीत, तेवढंच मला जमलं. खांदे उचलले, पहिलं कडवं घेतलं. लोकांनी घेतलं. पाच झाली. अडणा निघाला नाही. पुन्हा पहिलं. बाईंचा बाक मोकळा असूनही मागची माणसं एकदाही तिसऱ्या कडव्याला गळली नाहीत. तिसऱ्यांदा दुसऱ्या कडव्यावर होते तेव्हा फळी उघडली, बाहेरचं ऊन आत आलं, आणि बाई उंबऱ्याबाहेर पडल्या. माझे पाय तेव्हाही थांबेनात. शेवटचा माणूस बाहेर जाईपर्यंत मी वाजवत राहिले. मग रिकाम्या देवळात, एसटीतल्या मावशींचं न ऐकता राखून ठेवलेलं सगळं रडू एकदम आलं.

वाजवणारा माणूस दफनभूमीत नेहमी उशिरा पोचतो. म्हणून आमच्याकडे त्याची मूठभर माती बाजूला राखून ठेवतात. पूर्वी प्रत्येक मयतीला बाईंची राखलेली असायची. मी धावत पोचले तेव्हा प्रभाताईने तिच्या हातातली माती माझ्या हातात ओतली. ती कोमट झाली होती.

मी अजून दर रविवारी जाते. भीती गेली का, असं कुणी विचारलं तर सांगते, नाही हो, आहे तशीच आहे. नसरापूरच्या फाट्यावर ती माझ्याबरोबरच गाडी बदलते. पाळकसाहेब म्हणाले, आरसा आता पुन्हा व्यासपीठाकडे वळवू या, मी उठलो की तुला दिसेन. मी म्हटलं, बघू पुढे. तो अजून तसाच आहे, शेवटच्या बाकाकडे वळवलेला. तिथे आता भाटघरची माणसं बसतात. मी पहिली ओळ वाजवते, हात उचलते, आणि श्वास घेते. खांदे लागतात त्यापेक्षा जरा जास्तच वर उचलते… इतके, की ज्याला ऐकू येत नाही त्यालाही शेवटच्या बाकावरून दिसावेत.